लीलंड स्टॅनफर्ड : दुकानदार, गव्हर्नर, रेल्वेचा मालक

रानवाटा

मंडळी, गेल्या जुलैत आई-बाबा भारतातून आले होते. लेक टाहोला जाताना वाटेत त्यांना डोनर खिंडीतला जुना रेल्वे बोगदा दाखवला. १९९३ पासून त्यातून गाडी जात नाही, रूळही उचलले आहेत, त्यामुळे कुणीही चालत आत जाऊ शकतं. बाहेर रणरणतं ऊन आणि आत दहा पावलं टाकली की शाल हवीशी वाटते. छतातून पाणी ठिबकत असतं. आईने मोबाइलचा उजेड भिंतीवर धरला. काळ्या पडलेल्या ग्रॅनाइटमध्ये जागोजागी अर्धगोल खोबणी होत्या, बोटाएवढ्या रुंद. सुरुंगाची दारू ठासायला पहारीने भोकं पाडली होती, त्यातली अर्धी भिंत स्फोटात उडाली आणि अर्धी तशीच राहिली. आईने एका खोबणीत बोट घातलं आणि विचारलं, "हे हाताने केलंय? कुणी?"

"चिनी मजुरांनी."

"आणि रेल्वे कुणाची?"

"स्टॅनफर्डची."

"म्हणजे तुझ्या घराजवळ ते विद्यापीठ आहे, त्याची?"

हो, त्याचीच. मी अकरा वर्षं पालो आल्टोजवळ राहते. ते नाव दिवसातून दहा वेळा कानावर पडतं, पण आईच्या पुढच्या साध्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत. तेव्हापासून वाचते आहे. जे समजलं ते इथे मांडते, जाणकारांनी भर घालावी.

लीलंड स्टॅनफर्डचा जन्म १८२४ चा, न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनीजवळच्या वॉटरव्लीटचा. घर शेतकऱ्याचं, भावंडं बरीच. वकिली शिकून त्याने विस्कॉन्सिनमध्ये पोर्ट वॉशिंग्टनला बस्तान मांडलं आणि १८५० मध्ये ऑल्बनीच्या जेन लॅथ्रॉपशी लग्न केलं. दोन वर्षांत गावात आग लागली आणि त्याची कायद्याची पुस्तकं जळून गेली. भाऊ आधीच कॅलिफोर्नियात दुकानदारी करत होते, म्हणून हाही निकाराग्वाच्या वाटेने तिकडे गेला. जेनच्या वडिलांनी मुलीला पाठवायला नकार दिला, त्यामुळे ती तीन वर्षं माहेरीच राहिली. इकडे हा प्लेसर काउंटीतल्या मिशिगन ब्लफ नावाच्या खाणवस्तीत सोनं शोधणाऱ्यांना किराणा आणि अवजारं विकत होता. सोन्यामागे धावलेले बहुतेक रिकाम्या हाताने परतले, पण त्यांना फावडं आणि पीठ विकणारे टिकले. १८५६ पासून नवराबायको सॅक्रमेंटोत राहू लागली आणि घाऊक किराण्याचा व्यापार चांगला चालला.

राजकारणात तो नव्याने निघालेल्या रिपब्लिकन पक्षाच्या बाजूने उतरला. १८५७ ला राज्याच्या खजिनदारपदासाठी हरला, १८५९ ला गव्हर्नरपदासाठी हरला. १८६१ ला डेमोक्रॅट यादवी युद्धाच्या प्रश्नावर दुभंगले आणि हा निवडून आला. कॅलिफोर्नियाचा आठवा गव्हर्नर आणि पहिला रिपब्लिकन.

१० जानेवारी १८६२ ला शपथविधी होता आणि सॅक्रमेंटो पुरात बुडालं होतं. रस्त्यांवरून होड्या चालल्या होत्या. नवा गव्हर्नर होडीतून विधानभवनात गेला, शपथ घेतली, भाषण केलं. परत आल्यावर घराचा खालचा मजला पाण्यात होता म्हणून वरच्या मजल्याच्या खिडकीतून त्याला आत जावं लागलं.

त्या भाषणापाशी मी बराच वेळ थांबले. त्यात तो म्हणतो की हलक्या वंशाच्या लोकांनी इथे वस्ती करण्याला प्रत्येक कायदेशीर मार्गाने अटकाव केला पाहिजे, आणि आशिया आपल्या अगणित लोकसंख्येतला गाळ आमच्या किनाऱ्यावर पाठवते. हे चिन्यांबद्दल होतं. त्याच वर्षी चिनी माणसांवर दरमहा अडीच डॉलरचा डोईकर बसवणारा कायदा झाला. लिन सिंग नावाच्या चिनी माणसाने त्याविरुद्ध दावा लावला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला.

आता तीन वर्षं पुढे या. ऑक्टोबर १८६५. हाच माणूस सेंट्रल पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष म्हणून राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनना अहवाल पाठवतो. त्यात चिनी मजुरांचं वर्णन आहे: शांत, सोशिक, कष्टाळू, काटकसरी. आणि पुढे लिहितो की यांच्याशिवाय खंड ओलांडणाऱ्या या मार्गाचा पश्चिमेकडचा भाग ठरलेल्या मुदतीत पुरा करणं अशक्य आहे.

मधल्या काळात काय घडलं? थिओडोर ज्युडा नावाचा एक इंजिनिअर होता. सिएरा नेवाडा पर्वतातून रेल्वे नेता येईल असं त्याने डोंगर पालथे घालून सिद्ध केलं होतं, पण पैसे लावायला कुणी तयार नव्हतं. शेवटी सॅक्रमेंटोतले चार व्यापारी मिळाले. स्टॅनफर्ड किराणावाला, चार्ल्स क्रॉकर कापडवाला, कॉलिस हंटिंग्टन आणि मार्क हॉपकिन्स लोखंडी सामानवाले. रेल्वेचा अनुभव एकालाही नव्हता. जून १८६१ मध्ये कंपनी नोंदवली आणि १ जुलै १८६२ ला लिंकनने पॅसिफिक रेल्वेच्या कायद्यावर सही केली. ८ जानेवारी १८६३ ला सॅक्रमेंटोच्या नदीकाठी चिखलात गव्हर्नर स्टॅनफर्डने पहिलं फावडं मारलं. ज्युडाचं लवकरच या चौघांशी बिनसलं. पूर्वेकडे नवा भांडवलदार शोधायला निघाला असताना पनामात त्याला पीतज्वराने गाठलं आणि नोव्हेंबर १८६३ मध्ये तो गेला. तेव्हा तो चाळिशीच्याही आत होता.

काम सुरू झालं, पण गोरे मजूर टिकेनात. बरेचसे कामावर यायचे ते केवळ नेवाडातल्या चांदीच्या खाणींपर्यंत फुकट पोचायला. मग चिनी मजूर घेतले. हे लोक एवढे बारीक चणीचे, यांच्याने काय होणार, असं मुख्य देखरेख्याचं म्हणणं होतं. थोड्या जणांना घेऊन पाहिलं, मग आणखी थोड्यांना. पुढे कामावरच्या दर दहातले नऊ चिनी होते, एकूण दहा ते पंधरा हजार. बहुतेक दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतातले.

आईने बोट घातलं तो सहाव्या क्रमांकाचा बोगदा १,६५९ फूट लांब आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर. एकाने पहार धरायची, दोघांनी आळीपाळीने घण घालायचे, प्रत्येक घावानंतर पहार जराशी फिरवायची. भोक पुरेसं खोल गेलं की दारू ठासायची. चोवीस तास पाळ्या चालत आणि तरी दिवसाला एका तोंडावर फूट-दीड फूटच खडक हटे. म्हणून डोंगराच्या माथ्यावरून मधोमध विहीर खणली आणि चार तोंडांनी काम लावलं. पुढे जागेवरच नायट्रोग्लिसरीन बनवून वापरलं. १८६६-६७ च्या हिवाळ्यात चव्वेचाळीस वादळं झाली. मजूर बर्फाखालच्या भुयारांत राहत, तिथूनच कामावर जात आणि तिथेच परतत. हिमकडे कोसळून छावण्याच्या छावण्या गाडल्या गेल्या आणि काही प्रेतं वसंतात बर्फ वितळल्यावर हातातल्या अवजारांसकट सापडली. कंपनीने मेलेल्यांची मोजदाद ठेवली नाही.

जून १८६७ मध्ये या मजुरांनी संप केला. महिना ४० डॉलर पगार आणि बोगद्यात कामाचे तास कमी, एवढीच मागणी होती. गोऱ्या मजुरांना पगाराशिवाय जेवण-राहणं कंपनीचं होतं, यांना आपल्या पगारातून शिधा विकत घ्यावा लागे. हजारो माणसं हत्यारं खाली ठेवून आपापल्या तंबूत बसली. कसलीही मोडतोड झाली नाही. क्रॉकरने शिधा अडवला. त्या डोंगरात दुसरं दुकान नव्हतं. आठवड्यात संप मोडला.

१० मे १८६९ ला युटामधल्या प्रोमोंटरी समिट इथे पूर्वेकडून आलेले रूळ आणि पश्चिमेकडून आलेले रूळ मिळाले. स्टॅनफर्डने सोन्याचा खिळा बसवला आणि तारेतून देशभर एकच शब्द गेला, "झालं". तो खिळा आज विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे. आईला तोही दाखवला. लांबी वीतभरही नाही. त्यावर काम पूर्ण झाल्याची तारीख कोरली आहे ८ मे. समारंभ ८ तारखेलाच ठरला होता. पण पूर्वेकडच्या कंपनीच्या उपाध्यक्षाची गाडी पगार थकलेल्या मजुरांनी वाटेत अडवून धरली, त्यात पावसाने मार्ग खचले आणि दोन दिवस उशीर झाला. चुकलेली तारीख तशीच सोन्यात राहिली आहे.

आणखी एक. १० मे हा ज्युडा आणि त्याची बायको ॲना यांच्या लग्नाचा वाढदिवस. तिला समारंभाचं आमंत्रण नव्हतं.

विद्यापीठाबद्दल, मुलाबद्दल आणि जेनबद्दल अजून लिहिलेलं नाही. हात दुखले. उरलेलं प्रतिसादांतून लिहीन.

इंजिनघर

ताई, एका दमात वाचून काढलं. मी चौतीस वर्षं रेल्वेत काढली, त्यातली निम्मी कर्जत-लोणावळा घाटात. आमच्या घाटाचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. सिएरात मैलाला ११६ फूट, म्हणजे साधारण ४५ ला १ पडतो. ऐकायला सोपा वाटेल, पण आमचा घाट दहा-पंधरा मैलांत संपतो आणि त्यांना सॅक्रमेंटोच्या जवळजवळ सपाटीपासून शंभराहून अधिक मैल चढत राहायचं होतं, वर बर्फ.

दोन गोष्टी जोडतो. एक, सामान. रूळ, इंजिनं, चाकं, सगळं पूर्व किनाऱ्यावर तयार होई आणि जहाजाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून येई. त्यात अनेक महिने जात. घाई असेल तर पनामाची संयोगभूमी ओलांडून, पण ते फार महाग. युद्धामुळे लोखंडाचे भाव चढलेले. सेंट्रल पॅसिफिकचं पहिलं इंजिन असंच समुद्रातून आलं आणि त्याचं नाव ठेवलं 'गव्हर्नर स्टॅनफर्ड'. ते सॅक्रमेंटोच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे. मुलाकडे आलो होतो तेव्हा त्याच्यापाशी तासभर बसलो होतो. पितळ लखलखीत ठेवलंय हो.

दुसरी, बर्फ. नुसता मार्ग बांधून भागलं नाही, कारण हिवाळ्यात तो गाडलाच जाई. म्हणून रुळांवर लाकडी छपरं घातली, थोडीथोडकी नव्हे, एकूण सदतीस मैलांच्या आसपास. इंजिनाच्या ठिणग्यांनी ती पेट घेत म्हणून आग विझवणाऱ्या गाड्या तयार ठेवाव्या लागत. रूळ टाकणं हे निम्मं काम, ते बारा महिने चालू ठेवणं हे उरलेलं निम्मं.

दप्तरदार

चांगला धागा. एक शंका. गव्हर्नर आणि रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे एकाच वेळी होती?

रानवाटा

हो दप्तरदार, एकाच वेळी. जानेवारी १८६२ ते डिसेंबर १८६३ तो गव्हर्नर होता आणि त्याआधीपासून कंपनीचा अध्यक्ष. त्या दोन वर्षांत रेल्वेला राज्याची आणि काउंट्यांची मदत देणारे कायदे विधिमंडळात झाले आणि सही करणारा हात त्याचाच. क्रॉकरचा भाऊ एडविन कंपनीचा वकील होता, त्याला स्टॅनफर्डने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमलं. मे १८६३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत रेल्वेला पैसे द्यायचे का यावर मतदान झालं. तेव्हा त्याचा भाऊ फिलिप मतदानकेंद्रांवर पैसे वाटत फिरला, असं साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं.

सरकारी रोख्यांचा हिशेबही असाच आहे. कंपनीला सपाटीवर मैलाला १६,००० डॉलरचे रोखे मिळत आणि डोंगरात ४८,००० चे. म्हणजे डोंगर जितका आधी सुरू होईल तितका फायदा. राज्याचे भूवैज्ञानिक जोसाया व्हिटनी यांच्या मतानुसार सॅक्रमेंटोपासून अवघ्या सात मैलांवर, एका ओढ्यापाशी सिएराचा पायथा धरला गेला. तिथे उभं राहून पाहिलं तर चहूकडे सपाट माळ. मातीचा रंग पालटतो, एवढाच आधार.

पुढे १८६७ मध्ये या चौघांनी आपलीच एक बांधकाम कंपनी काढली आणि आपल्याच रेल्वेची कंत्राटं तिला दिली. तिच्या वह्या नंतर नाहीशा झाल्या. १८८७ मध्ये सरकारी आयोगाने पैसा कुठे गेला ते विचारलं, तर स्टॅनफर्डने उत्तर द्यायला नकार दिला आणि न्यायालयाने त्याची बाजू उचलून धरली.

पिंपळपान

रानवाटा, मेहनत दिसतेय, पण थोडं वेगळं मांडतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला आजच्या तागडीत घालणं बरोबर नाही. तेव्हाचे जवळपास सगळे गोरे राजकारणी चिन्यांबद्दल हेच बोलत. या माणसाने निदान मिळवलेलं सगळं परत दिलं. एकुलता एक मुलगा गेल्यावर एवढी संपत्ती शिक्षणाला देणारे किती? मुलींना पहिल्या दिवसापासून प्रवेश, फी नाही. यादवी युद्धात कॅलिफोर्निया लिंकनच्या बाजूने ठाम राहिली, त्यात याचाही वाटा आहे. सिनेटर असताना कामगारांच्या सहकारी संस्थांना उत्तेजन देणारं विधेयक त्याने मांडलं होतं. आपल्याकडे साखर कारखान्यांमुळे सहकार म्हणजे काय ते प्रत्येकाला ठाऊक आहे. रेल्वेचा कोट्यधीश असं विधेयक मांडतो हे मला फार मोठं वाटतं. तेही लिहायला हवं होतं.

रानवाटा

पिंपळपान, सहकाराचा मुद्दा तुम्ही आणलात, मनापासून आभार. तो राहून गेला होता. विद्यापीठाच्या स्थापनेमागच्या त्याच्या विचारातही तो आहे: कामगारांनी स्वतः मालक व्हावं, पगारावर राबू नये.

तागडीबद्दल मात्र मला उत्तर द्यायचंय. मी आजची तागडी वापरलेली नाही, त्याचीच वापरते आहे. १८६५ च्या अहवालात त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं की यांच्याशिवाय काम अशक्य आहे. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून दोन वर्षांनी संपाच्या वेळी शिधा बंद झाला आणि अध्यक्ष तोच होता. त्याच्या पालो आल्टोच्या घरात, बागेत, विना गावच्या द्राक्षमळ्यात पुढेही चिनी माणसंच राबत होती. विनाचा मळा तेव्हा जगातला सर्वांत मोठा म्हणून गणला जाई. सहकाराबद्दल इतकं चांगलं बोलणाऱ्या माणसाला तंबूत उपाशी बसलेले मजूर त्या विचारात बसवता आले नाहीत, हे मला झोंबतं.

आणि शेतकऱ्यांचंही आहे. सॅन वॉकिन खोऱ्यात मसल स्लू इथे रेल्वेने लोकांना आपल्या जमिनीवर वसायला बोलावलं. एकरी अडीच डॉलरपासून जमीन देऊ असं पत्रकांत छापलं. लोकांनी पाट खणले, पडीक रान पिकाखाली आणलं, आणि मग रेल्वेने एकरी सतरा ते चाळीस डॉलर मागितले. मे १८८० मध्ये गोळीबार होऊन सात माणसं मेली.

मुलाचं दुःख मात्र खरं आहे. त्याबद्दल माझ्या मनात अढी नाही. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर झालेला मुलगा. लहान लीलंडला जुन्या वस्तू जमवायचा नाद होता. आईवडिलांबरोबर युरोपात फिरत असताना विषमज्वर झाला आणि १३ मार्च १८८४ ला फ्लॉरेन्समध्ये तो गेला. सोळा पूर्ण व्हायला दोन महिने होते. कॅलिफोर्नियाची मुलं आता आपली मुलं, असं बाप म्हणाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८८५ मध्ये देणगीपत्र झालं, १८८७ मध्ये मुलाच्या जन्मदिवशी कोनशिला बसली आणि १ ऑक्टोबर १८९१ ला वर्ग सुरू झाले. विद्यापीठाच्या पूर्ण नावात अजूनही 'ज्युनिअर' आहे, कारण ते नाव बापाचं नाही, मुलाचं आहे. विटलेल्या कपड्यांतलं जोडपं हार्वर्डला गेलं आणि हाकलून दिलं गेलं, ही जी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरते ती खोटी आहे. ते हार्वर्डचे अध्यक्ष एलियट यांना भेटले, त्यांनी नीट सल्ला दिला, खर्चाचा अंदाज सांगितला. तेव्हा स्टॅनफर्ड माजी गव्हर्नर आणि देशातल्या मोठ्या श्रीमंतांपैकी एक होता, त्याला कोण हाकलणार?

काचपट्टी

घोड्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. मी फोटोग्राफी शिकवतो आणि माझा पहिला तास दरवर्षी स्टॅनफर्डच्या घोड्यांपासून सुरू होतो.

पालो आल्टो ही मुळात त्याची घोड्यांची पागा. धावत्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलले जातात का, हा त्याचा प्रश्न होता. डोळ्याला दिसत नाही इतकं ते भरभर घडतं. त्याने एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराला बोलावलं आणि पैसा ओतला. पंचवीस हजार डॉलरची पैज लागली होती असं सांगतात, ती दंतकथा आहे.

जून १८७८ मध्ये एका रांगेत बारा कॅमेरे मांडले. समोर पांढरी भिंत, तिच्यावर ओळीने आकडे. जमिनीवर चुना पसरलेला, म्हणजे घोडा काळा उठून दिसेल. वाटेत आडवे दोरे ताणलेले, सॅली गार्डनर घोडीच्या छातीने दोरा तुटला की त्या कॅमेऱ्याचं झाकण क्षणभर उघडायचं. रसायन लावलेली काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायचा, असं ते तंत्र. वार्ताहरांना मुद्दाम बोलावलं होतं, पुढे कुणी लबाडी म्हणू नये म्हणून. काचा धुतल्या आणि उत्तर आलं: हो, चारही पाय उचलतात. पण चित्रकार शेकडो वर्षं काढत आले तसे पुढे-मागे ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना. हालचालीचे फोटो एकामागून एक धरणं, त्यातून पुढे सिनेमा आला, आणि त्याचा एक उगम या पागेत आहे.

रानवाटा जे म्हणतेय ते इथेही दिसतं. १८८२ मध्ये स्टॅनफर्डने या प्रयोगांवर पुस्तक काढलं आणि मुखपृष्ठावर मायब्रिजचं नाव नव्हतं. त्याच्या फोटोंवरून काढलेली चित्रं मात्र आत होती. मायब्रिजने दावा लावला आणि तो हरला.

सांजवात

जेनवर अन्याय नको. मला या सगळ्यात ती सर्वांत मोठी वाटते.

२१ जून १८९३ ला स्टॅनफर्ड झोपेत गेला, विद्यापीठ सुरू होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. त्याच वर्षी देशभर बँका बुडत होत्या. मालमत्ता न्यायालयात अडकली आणि वर केंद्र सरकारने रेल्वेच्या जुन्या कर्जापोटी दीड कोटी डॉलरचा दावा ठोकला. विद्यापीठ बंद करा, असं सल्लागार म्हणत होते. तिने नकार दिला. घरखर्चासाठी न्यायालयाने महिना दहा हजार डॉलर मंजूर केले होते, त्यातून तिने नोकरचाकर कमी केले आणि प्राध्यापकांचे पगार भागवले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. पुढच्या वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची साठ वर्षं साजरी होत होती, तेव्हा लंडनमध्ये गिऱ्हाईक मिळेल म्हणून स्वतःचे दागिने घेऊन गेली. मनासारखा भाव आला नाही, बरेचसे परत आणावे लागले. आपल्या बायकांना दागिना मोडणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको.

आणि तिचा शेवट! जानेवारी १९०५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या घरी बाटलीतलं पाणी प्यायली, चव कडू लागली, ओकून टाकलं. तपासणीत स्ट्रिक्नीन हे विष निघालं. हवापालटासाठी होनोलुलूला गेली आणि तिथे २८ फेब्रुवारीला रात्री हॉटेलात तडफडत गेली. तिथल्या पंचांनी विषप्रयोग म्हणून निर्णय दिला. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉर्डन तिकडे गेले आणि हृदयविकाराने मृत्यू असं त्यांनी जाहीर केलं. गुन्हेगार कधी पकडला गेला नाही. ज्या बाईने विद्यापीठ वाचवलं, तिच्या खुनाचा तपास विद्यापीठाने लावून धरला नाही.

माहेरवाशीण

सांजवातला अनुमोदन. एक छोटीशी जोड. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेत होत्या आणि परतताना खंड ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला आल्या, तिथून जहाजाने जपानमार्गे फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईला उतरल्या. वीस वर्षं आधी असत्या तर पूर्व किनाऱ्यावरून तिथवर पोचायलाच महिने लागले असते. रेल्वेमुळे तो प्रवास आठवड्याभरावर आला होता. शारदासदनासाठी वर्गणी गोळा करत त्या देशभर फिरल्या, तेही रेल्वेनेच.

वहीचं पान

मी इथे शिकतो, धागा मित्राने पाठवला. दागिन्यांचं पुढे काय झालं ते सांगतो. जेनने लिहून ठेवलं होतं की आपल्यामागे दागिने विकून येणारा पैसा ग्रंथालयाला पुस्तकं घ्यायला द्यावा. तो निधी आजही चालू आहे. त्यातून घेतलेल्या पुस्तकांच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर जेन अथीना देवीला दागिने अर्पण करतेय असं चित्र. मागच्या सत्रात ग्रंथालयातून आणलेल्या एका जाडजूड पुस्तकात ती मिळाली. तोवर मला त्याचा अर्थ माहीत नव्हता.

रानवाटाताई, मजुरांबद्दल विद्यापीठातच २०१२ पासून काही वर्षं मोठा अभ्यास झाला. अमेरिका आणि चीन, दोन्हीकडे शोधलं. रेल्वेवरच्या एकाही चिनी मजुराचं पत्र किंवा रोजनिशी मिळाली नाही. मिळाली ती हजेरीपत्रकं, आणि छावण्यांच्या जागी भांड्यांचे तुकडे, भाताच्या वाडग्यांचे, चहाच्या पेल्यांचे. हे लोक चहा उकळून पीत, कावडीला सुरुंगाच्या दारूची रिकामी पिंपं लावून कामावर पोचवला जाई. बाकीचे ओढ्याचं पाणी पिऊन आजारी पडत, हे पडत नसत.

रानवाटा

वहीचं पान, धन्यवाद. हजेरीपत्रकांबद्दल मीही लिहिणार होते. जानेवारी १८६४ च्या पत्रकात हंग वा हे नाव आहे. तो मुकादम. त्याच्या नावापुढे तेवीस माणसांचे दिवस आणि रक्कम एका ओळीत मांडलेली आहे. पैसे त्याच्या हातात दिले जात आणि तो खाली वाटे. म्हणून खालच्या तेवीस जणांची नावं कंपनीच्या वहीत लिहायची गरजच पडली नाही.

१९६९ मध्ये रुळांच्या जोडणीला शंभर वर्षं झाली, त्या समारंभात केंद्रीय वाहतूकमंत्री व्होल्पी म्हणाले की अमेरिकनांशिवाय दुसरं कोण असे बोगदे खणू शकलं असतं. चिनी वंशाच्या इतिहाससंस्थेचे अध्यक्ष तिथे बोलायला आले होते, त्यांना वेळ दिला गेला नाही. २०१४ मध्ये मात्र केंद्रीय कामगार खात्याने या मजुरांना आपल्या सन्मानदालनात जागा दिली.

आईला काल फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. तिने मधेच थांबवून विचारलं, "ती भिंत कुणी रचली होती, बोगद्याच्या पुढची?" सातव्या आणि आठव्या बोगद्याच्या मधे घळ बुजवून मार्ग नेला आहे, तिथे दगडांची उंच भिंत आहे. चुना नाही, सिमेंट नाही, दगडात दगड बसवलेला. त्यावरून सव्वाशे वर्षं गाड्या गेल्या. तीही यांचीच. आई म्हणाली की आजोळी बांध घालणारे वडारी असेच दगड हातात फिरवून फिरवून बसवत, नाहीतर पहिल्या पावसात बांध सुटतो.

इंजिनघर

ताई, ऑगस्टमध्ये मुलाकडे येतोय. बोगद्यापर्यंत गाडी जाते का, की चालावं लागतं? गुडघे आता साथ देत नाहीत.

रानवाटा

काका, जुन्या घाटरस्त्याच्या कडेला गाडी लावता येते, तिथून थोडंसंच चालणं आहे, पण वाट दगडगोट्यांची. काठी आणा, स्वेटर आणा आणि एक चांगली बॅटरी. मोबाइलचा उजेड पुरत नाही, त्या खोबणी नीट दिसायला भिंतीला तिरपा उजेड लागतो. मी न्यायला येईन.